ट्रेनिंग हॉलमध्ये नको, वर्गात करा: शहरातली रखडलेली शाळा वर काढायची तर

शिक्षकांचं ट्रेनिंग म्हटलं की काय येतं डोळ्यासमोर? हॉल, प्रोजेक्टर, अकराचा चहा, संध्याकाळी सर्टिफिकेट, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात परत "काढा रे पान बावीस". २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात वर्षाला किमान ५० तास ट्रेनिंग सांगितलंय, पण 'दीक्षा' या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचा ट्रेनिंगचा व्हिडिओ बाजूला चालू ठेवून वह्या तपासत बसलं तरी तास भरतातच. मी भरलेत, खोटं कशाला बोलू.

तर तुम्ही मुख्याध्यापक किंवा प्रभारी असाल आणि शाळा वास्कोत बायणा-सड्याला नाहीतर मडगावात मोती डोंगरावर असेल, तर हे करून बघा, पैसे लागत नाहीत.

शाळा सुरू झाली की पहिल्या दोन आठवड्यांत तिसरी-चौथीचं एकेक मूल जवळ बसवून वाचायला लावा. आधी अक्षरं, मग सुटे शब्द, मग चार ओळी, मग छोटी गोष्ट, जिथे अडेल तिथे थांबायचं. 'असर' म्हणजे प्रथम संस्थेची मुलांच्या शिक्षणाची पाहणी, तिच्यात वाचनाच्या पायऱ्या याच असतात. फक्त आपल्या वर्गाची मुलं आपण तपासायची नाहीत, वर्ग बदलून घ्या, कारण आपलं मूल अडलं की आपले ओठ आपोआप हलतात आणि ते बरोबर वाचतं. चौथीतली किती मुलं शब्दांवरच अडकलीत ते कळलं की स्टाफरूममध्ये थोडा वेळ कोणी बोलत नाही. बोलू पण नका, वर्गवार आकडे फळ्यावर लिहून ठेवा.

आता सहा आठवड्यांसाठी एकच गोष्ट धरायची. एकच! आम्ही धरलं ते प्रश्न विचारल्यावर गप्प राहणं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांमधल्या टेप ऐकून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर मुलं लांब उत्तरं देतात, मागच्या बाकावरची पण बोलायला लागतात. ऐकायला सोपं वाटतं ना, करून बघा, तिसरा सेकंद संपता संपत नाही आणि तोंडातून उत्तर निघून जातं.

हे जमतंय का ते बघायला दुसरा शिक्षक वर्गात मागे बसायला हवा, आणि इथेच सगळे म्हणतात, अहो बाई, शाळेत मुळात शिक्षक तीन. मग माध्यान्ह आहाराच्या आधीचा अर्धा तास दोन वर्ग एकत्र घ्या, गोष्ट सांगा नाहीतर चित्रं काढायला द्या, तेवढ्यात एक जण मोकळा होतो. दोनच शिक्षक असतील तर मोबाईल टेबलावर ठेवून नुसता आवाज रेकॉर्ड करा आणि दोघांनी मिळून ऐका, व्हॉट्सॲप ग्रुपवर अजिबात टाकू नका. मागे बसलेल्याने मुलांनी काय केलं तेवढंच एका वहीत लिहायचं, "बाईंनी असं करायला हवं होतं" हे वाक्य बंद. आणि मुख्याध्यापकांनो, त्या वहीतलं एक अक्षर गोपनीय अहवालात गेलं ना, की पुढच्या वेळेपासून तुम्हाला फक्त नाटक बघायला मिळेल.

भाषेचं ट्रेनिंग तर आम्हालाच हवं होतं. आमच्याकडची कितीतरी मुलं घरी कन्नड नाहीतर लमाणी बोलतात, रस्त्यावर हिंदी, खेळताना कोंकणी, आणि शाळेत मराठी. "ती पंखा" म्हटलं की आपण हसतो, पण कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगीच, मग पंखा तो आणि खुर्ची ती हे त्या मुलाला कुठून कळणार? यासाठी तज्ज्ञ कशाला, एका मुलाच्या आईला शनिवारी तासभर बोलावलं आणि रोजचे पन्नासेक कन्नड शब्द तिच्याकडून शिकलो. आमचे उच्चार ऐकून ती पदर तोंडाला लावून हसत होती, पण त्यानंतर पालकसभेला ती चार बायकांना घेऊन आली.

अजून एक, नवीन लागलेल्या टीचरला पहिली द्यायची सवय सोडा. पहिलीला शाळेतला सगळ्यात मुरलेला माणूस पाहिजे, नवीन माणसाला वर्षभर त्याच्या शेजारचा वर्ग द्या.

वेळापत्रक मात्र चवथीची, म्हणजे गणपतीची, सुटी धरून आखा. निवडणूक आणि जनगणनेची कामं शिक्षण हक्क कायद्यातच शिक्षकांना चालतात म्हणून दिलेली आहेत, ती आली की तो महिना गेला समजा, चिडून उपयोग नाही. जानेवारीत परत तीच वाचन तपासणी, परत वर्ग बदलून. मधेच कोणाची बदली झाली तर ती निरीक्षणाची वही शाळेतच ठेवून घ्या आणि नवीन येणाऱ्याला पहिल्या दिवशी हजेरीपटाबरोबर हातात द्या.