जादा किराण्यासाठी रिकामी प्रवासी बॅग

मार्केट यार्डातून भुसार माल एकदम आणला की स्वस्त पडतो, परंतु पुण्यातील वन बीएचके सदनिकेत तो ठेवायचा कुठे, हा प्रश्न उरतोच. अशा वेळी पलंगाखाली वर्षातील बहुतेक दिवस रिकामी पडून असणारी प्रवासी बॅग उपयोगी पडते. चाकांची आणि कडक कवचाची असल्यास उत्तम, कारण भरल्यावरही ती सहज ओढून काढता येते.

१. बॅग आतून पुसून उन्हात चांगली वाळवावी. तिच्यात डांबरगोळ्या ठेवलेल्या असतील, तर ती या कामासाठी घेऊच नये.

२. डाळी, साखर, पोहे, चहा यांची केवळ न फोडलेली पाकिटे, मुदतीची तारीख वर दिसेल अशी उभी लावावीत. साबणाचा वास चहाला चटकन लागतो, म्हणून साबण वेगळे ठेवावेत.

३. आतील वस्तूंची यादी मुठीला बांधावी आणि काढलेली वस्तू लगेच खोडावी. ही यादी नसेल, तर घरात असलेलीच तूरडाळ पुन्हा विकत आणली जाते.

तेलाच्या पिशव्या मात्र बॅगेत ठेवू नयेत, आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीपासून बॅग वीतभर दूर ठेवावी.