समुद्राजवळ घर किंवा जागा आहे? मग या चुका टाळा

सगळ्यात कॉमन डायलॉग म्हणजे "अहो पाणी कुठे आणि आपलं घर कुठे, मधे एवढा मोठा रस्ता आहे". पण सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतचा बांधकामावर बंधनं असलेला पट्टा, नुसतं बघून ठरत नाही हो. भरतीची रेषा नकाशावर आखलेली असते, चेन्नईच्या केंद्रीय संस्थेने आखलेली, आणि समुद्रकिनारी तिथून जमिनीकडे ५०० मीटरपर्यंत नियम लागतात. खाडी पण धरतात, २०१९ च्या नोटिफिकेशनप्रमाणे खाडीच्या काठापासून ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, जे कमी असेल ते, त्यामुळे समुद्राचा आवाजही येत नाही अशा घराला पण हे लागू शकतं.

याच्या उलट पण लोक चुकतात, ५०० मीटरच्या आत आहे म्हणजे संपलं सगळं असं समजून पडेल भावाने विकून मोकळे होतात. मुंबईतला बराच भाग सीआरझेड दोनमध्ये, म्हणजे आधीच वस्ती झालेल्या शहरी भागात येतो आणि तिथे आधीपासूनच्या रस्त्याच्या किंवा अधिकृत बांधकामाच्या आतल्या बाजूला परवानगी घेऊन बांधता येतं. फक्त जुन्या रस्त्याच्या पुढे समुद्राकडे नवीन रस्ता झाला तर तो धरत नाहीत, म्हणून "आता पुढे रोड झालाय, काम होईल" असं एजंट म्हणाला की चहा पिऊन उठा.

नकाशा पण कुठला ते बघा. एजंटकडे बहुतेक वेळा जुनी झेरॉक्स असते. २०१९ च्या नियमांवरचा मुंबई शहर आणि उपनगरचा नकाशा २०२१ मध्ये मंजूर झाला, तोच बघायचा, आणि रेषा प्लॉटच्या अगदी जवळून जात असेल तर अधिकृत संस्थेकडून तुमच्या सर्व्हे नंबरवर ती रेषा टाकून घ्या, खर्च होतो पण नंतरच्या कोर्टापेक्षा स्वस्त.

आता कागदांचं. असेसमेंटची, म्हणजे घरपट्टीची पावती नावावर आहे म्हणजे जागा नावावर आहे असं नाही, मालकीसाठी प्रॉपर्टी कार्ड आणि रजिस्टर झालेले दस्त लागतात. पण म्हणून जुनी पावती रद्दीत घालू नका! मुंबईत राहत्या घरासाठी १७ एप्रिल १९६४ च्या आधीचं बांधकाम असेल तर ते खपवून घेतलेलं बांधकाम धरतात, आणि ते आधीचं आहे हे सिद्ध तुम्हालाच करायचं असतं. आमच्या आत्याच्या घरावर नोटीस आली तेव्हा हे कळलं. दादाने ती दारावरून काढून, टॅक्सची असेल म्हणून टीव्हीखाली सरकवून ठेवली, पाच दिवस तशीच. ती महापालिकेची ३५१ ची, म्हणजे बेकायदा बांधकामाची नोटीस होती, तिच्यात उत्तराला सातच दिवस दिले होते. मग रात्रभर शोधाशोध, शेवटी बिस्किटाच्या डब्यात १९६२-६३ ची पावती सापडली, कडा झुरळांनी खाल्लेल्या पण वर्ष आणि घर नंबर वाचता येत होता. त्यावर जुनं घर वाचलं. दादाने दोन वर्षांपूर्वी पत्रे काढून वर स्लॅब टाकून चढवलेला मजला मात्र पावतीने वाचत नाही, पत्र्याच्या जागी स्लॅब म्हणजे रिपेअर नव्हे. आणि कोणी जुना नकाशा "बनवून" देतो म्हणाला तर लांब राहा, मढ-एरंगळकडच्या बनावट नकाशांचं प्रकरण हायकोर्टापर्यंत जाऊन एसआयटी बसलीय.

कांदळवन असेल तर जागा तुमची असली तरी तोडता येत नाही, हायकोर्टाने २०१८ मध्येच स्पष्ट सांगितलंय, आजूबाजूचे ५० मीटर पण सोडायचे. फुकट भरणी मिळतेय म्हणून डेब्रिजचा डंपर रिकामा करू देणारे पण आहेत, मग डंपरवाला गायब आणि केस जागेच्या मालकावर.

राहिला फ्लॅट घेणाऱ्यांचा मुद्दा, "बँकेने लोन दिलंय म्हणजे लीगल असणार". केरळात मरडूला लोकांनी असंच मानलं होतं, लोन, रजिस्ट्रेशन, टॅक्स सगळं होतं, तरी सीआरझेड मोडलं म्हणून सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने जानेवारी २०२० मध्ये चार कॉम्प्लेक्स स्फोटाने पाडले. म्हणून टोकन द्यायच्या आधी बिल्डरकडे सीआरझेडचं मंजुरीपत्र मागा, त्यातला सर्व्हे नंबर आणि मजले ॲग्रीमेंटशी जुळवून बघा, आणि "प्रोसेसमध्ये आहे" असं उत्तर आलं तर मंजुरी हातात येईपर्यंत चेक फाडू नका.