घरच्या वाय-फायचं कुलूप नीट कसं लावायचं

फायबरचं कनेक्शन जोडायला आलेला मुलगा जाता जाता विचारतो, "पासवर्ड काय ठेवू?" आपल्याला चटकन काही सुचत नाही, तेव्हा तोच म्हणतो, "तुमचा मोबाइल नंबर ठेवतो, लक्षात राहील." कितीतरी घरांतलं वाय-फाय पुढची पाच-सात वर्षं या एका वाक्यावर चालतं. मग कधी नेट मंदावलं की संशय जातो वरच्या मजल्यावरच्या मुलावर: त्याने फोनमध्ये कुठलंसं अ‍ॅप टाकून वाय-फाय हॅक केलंय. बहुतेक वेळा त्याने हॅक काहीच केलेलं नसतं. पासवर्ड त्याला कुणीतरी दिलेला असतो, नाहीतर तो सहज ओळखता येण्यासारखा असतो. हे एकदा समजलं, की नेमका हात कुठे घालायचा तेही कळतं.

फोनला काय जमतं, काय नाही

आजचं घरगुती वाय-फाय बहुतेक डब्ल्यूपीए२ या कुलपाच्या पद्धतीने चालतं. त्याचा पासवर्ड काढायचा तर एखादं उपकरण नेटवर्कला जोडलं जात असताना त्याची राउटरशी होणारी सुरुवातीची देवाणघेवाण हवेतून टिपावी लागते, किंवा राउटरकडून त्याच तोडीचा एखादा तुकडा मिळवावा लागतो. त्यासाठी वाय-फायची चिप दुसऱ्यांचे संदेशही ऐकत राहील अशा अवस्थेत ठेवावी लागते. याला मॉनिटर मोड म्हणतात. बाजारातून घेतलेला साधा अँड्रॉइड फोन किंवा आयफोन ते करू देत नाही. काही मोजके अँड्रॉइड फोन रूट करून (म्हणजे कंपनीने घातलेले निर्बंध काढून), किंवा ओटीजी केबलने बाहेरचा अ‍ॅडॉप्टर जोडून ते जमतं, पण एवढं करणारा माणूस प्ले स्टोअरवरच्या अ‍ॅपवर अवलंबून नसतो. आणि टिपल्यानंतरचं खरं काम, म्हणजे एकामागून एक पासवर्ड लावून पाहणं, कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डावर होतं.

मग 'वाय-फाय हॅकर' नावाच्या अ‍ॅपमध्ये असतं काय? काहींमध्ये नुसता देखावा असतो: हिरवी अक्षरं पळतात, शेवटी एक बनावट पासवर्ड येतो आणि मधल्या वेळात जाहिराती दाखवल्या जातात. काही अ‍ॅप डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डाऐवजी बटण किंवा पिन वापरून जोडायची राउटरमधली सोय, हिचे कंपनीने ठेवलेले पिन लावून पाहतात. अँड्रॉइड ९ पासून अ‍ॅपना हा मार्गच बंद झाला आहे, त्यामुळे रूट न केलेल्या नव्या फोनवर ती निकामी ठरतात. तिसरा प्रकार मात्र खरोखर चालतो. ही अ‍ॅप वापरणाऱ्यांकडून त्यांना माहीत असलेले पासवर्ड गोळा करतात आणि इतरांना दाखवतात. म्हणजे तुमच्याकडे आलेल्या पाहुण्याने असं अ‍ॅप ठेवलं असेल, तर तुमच्या घराचा पासवर्ड नकाशावर जाऊन बसू शकतो.

शिवाय अशी अ‍ॅप पुष्कळदा प्ले स्टोअरबाहेरून एपीके फाइल म्हणून येतात, आणि टाकताना एसएमएस वाचायची, स्क्रीनवर ताबा ठेवायची परवानगी मागतात. शेजाऱ्याचं वाय-फाय मिळो न मिळो, तुमचे ओटीपी मात्र दुसऱ्याच्या हातात जातात. घरातल्या मुलांना हे नीट समजावून सांगा. दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये अप्रामाणिक हेतूने परवानगीशिवाय शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मोबाइल नंबरचा हिशेब

एक चांगलं ग्राफिक्स कार्ड, उदाहरणार्थ आरटीएक्स ४०९०, डब्ल्यूपीए२ चे सेकंदाला साधारण २५ लाख पासवर्ड तपासतं. आपले मोबाइल नंबर दहा अंकी, पहिला अंक ६, ७, ८ किंवा ९. म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. भागाकार करा: १,६०० सेकंद. अर्ध्या तासाच्या आत देशातला कुठलाही नंबर तपासून होतो. जन्मतारखेची गत त्याहून वाईट, कारण शंभर वर्षांत तारखाच साधारण ३६,५०० असतात. आणि नावापुढे '@१२३' हा नमुना तर तयार याद्यांमध्ये आधीपासून असतोच.

चांगला पासवर्ड करायची सोपी रीत अशी. मराठी शब्दकोश घ्या, डोळे मिटून पाच वेळा उघडा आणि बोट पडेल तो साधा शब्द घ्या. समजा परात, वासरू, कंदील, ओहोळ, शिंपी असे शब्द आले. ते इंग्रजी लिपीत, सगळी अक्षरं लहान, मध्ये आडवी रेघ देऊन लिहा. (हेच शब्द वापरू नका, ते आता छापले गेले.) पाच हजार शब्दांतून असे पाच निवडले तरी वरच्याच वेगाने सगळ्या शक्यता तपासायला हजारो वर्षं लागतात. गाण्याची ओळ, अभंगाचा चरण किंवा म्हण घेऊ नका. त्या शब्दांचा क्रम ठरलेला असतो. वाय-फायचा पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो. देवनागरीत टाकायला जाऊ नका, बहुतेक राउटर तो घेत नाहीत.

एक अडचण हमखास येते. 'ओहोळ' कुणी एका 'ओ'ने लिहितं, कुणी दोन. 'शिंपी'त कुणी 'एन' घालतं, कुणी 'एम'. म्हणून ठरलेलं स्पेलिंग कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. घरातला कागद धोक्याचा नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या फॅमिली ग्रुपवर टाकलेला पासवर्ड धोक्याचा आहे.

राउटरच्या पानावर

आता राउटरच्या डब्याकडे. फोन घरच्या वाय-फायला जोडलेला ठेवा आणि नेटवर्कच्या तपशिलात 'गेटवे', म्हणजे राउटरचा पत्ता, शोधा. आयफोनवर वाय-फायच्या नावासमोरच्या 'आय'वर टॅप करून 'राउटर'. हा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असेल, काही कनेक्शनवर १९२.१६८.२९.१ असतो. हा आकडा ब्राउझरमध्ये टाकला की लॉगिनचं पान उघडतं. युजरनेम आणि पासवर्ड डब्याच्या खालच्या स्टिकरवर सापडतो. तिथे नसेल तर कंपनीच्या ग्राहकसेवेला किंवा केबलवाल्याला विचारा. काही कंपन्या यातली कामं आपल्या अ‍ॅपमधूनच करायला देतात, तेही चालेल.

कशालाही हात लावण्याआधी वॅनच्या, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या, पानाचा फोटो काढून ठेवा: पीपीपीओईचं (कंपनीच्या जोडणीच्या लॉगिनचं) युजरनेम, व्हीलॅन आयडी, जे दिसेल ते. काही बिघडलं म्हणून कुणी टाचणीने मागचं रीसेटचं भोक दहा सेकंद दाबलं, तर हे सगळं पुसलं जातं आणि माणूस येईपर्यंत घरात नेट नसतं. रीसेट हा शेवटचा उपाय.

पहिलं काम, या पानाचाच पासवर्ड बदला. पुष्कळ जण गल्लत करतात ती इथेच: वाय-फायचा पासवर्ड वेगळा आणि राउटरच्या पानाचा वेगळा. दुसरा 'अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन' तसाच राहिला, तर घरच्या वाय-फायवर आलेला कुणीही सगळ्या सेटिंग्ज बदलू शकतो. डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा ठिकाणा सांगणाऱ्या यंत्रणेचा, पत्ता बदलून तुम्हाला बनावट साइटवर नेण्याचे प्रकार याच दारातून होतात.

मग वायरलेसच्या पानावर सिक्युरिटीमध्ये जा. डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ मिश्र असा पर्याय असेल तर तो घ्या, नसेल तर डब्ल्यूपीए२ आणि पुढे एईएस ही सांकेतिक पद्धत. टीकेआयपी निवडू नका: ते जुनं आणि कमकुवत आहेच, शिवाय त्यावर वाय-फायचा वेग ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही. १०० चा प्लॅन घेऊन ४० सुद्धा मिळत नाही, त्याचं एक कारण हे असू शकतं. आयफोनवर नेटवर्कच्या नावाखाली 'वीक सिक्युरिटी' दिसत असेल तर आधी हेच तपासा. डब्ल्यूईपी हे त्याहून जुनं कुलूप कुठे दिसलं तर लगेच बदला. ते २००१ सालीच मोडलं गेलं आहे. नुसतं डब्ल्यूपीए३ ठेवलं तर जुना टीव्ही, प्रिंटर, स्मार्ट प्लग जोडले जात नाहीत, म्हणून मिश्र बरं. मिश्र ठेवूनही एखादा जुना प्रिंटर अडला, तर नाइलाजाने डब्ल्यूपीए२ वर या. पासवर्ड पाच शब्दांचा असेल तर काळजी नाही.

नवा पासवर्ड टाकताना एक चूक फार जणांच्या हातून होते. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या वाय-फायच्या दोन पट्ट्यांची पानं पुष्कळदा वेगवेगळी असतात. २.४ चा बदलला, ५ चा तसाच राहिला, आणि ज्याला बाहेर काढायचं होतं तो ५ वर आरामात बसलेला. दोन्हीकडे बदला आणि प्रत्येक पानावर 'अ‍ॅप्लाय' दाबा. पहिल्या 'अ‍ॅप्लाय'लाच तुमचा फोन तुटेल. नव्या पासवर्डाने जोडून पुढचं पान करा. लॅनच्या वायरने लॅपटॉप जोडलात तर ही कटकटच नाही.

डब्ल्यूपीएस बंद करा. त्याचा पिन आठ अंकी असला तरी राउटर तो दोन भागांत तपासतो आणि शेवटचा अंक आधीच्या सातांवरून ठरतो. त्यामुळे दहा कोटी नव्हे, फक्त ११,००० प्रयत्न पुरतात. २०११ मध्ये हे उघड झालं, आणि २०१४ मध्ये तर काही चिपवर एवढेही प्रयत्न लागत नाहीत असं दिसलं. तुमचा पाच शब्दांचा पासवर्ड इथे काहीच कामाचा नाही, कारण पिन जुळला की राउटर स्वतःच तो देऊन टाकतो. बंद केल्यावर राउटर एकदा बंद-चालू करून पाहा. काही डब्यांवर ही सेटिंग परत चालू होते.

रिमोट मॅनेजमेंट, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटवरून राउटरचं पान उघडणं, बंदच असू द्या. टीआर-०६९ मात्र छेडू नका, ते कंपनीच्या देखभालीचं असतं. फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेटचा पर्याय दिसला तर करून घ्या, आणि तेवढा वेळ वीज जाणार नाही असं पाहा. मध्येच गेली तर डबा पुन्हा चालू होईलच असं नाही.

गेस्ट नेटवर्क असेल तर सीसीटीव्ही, स्मार्ट बल्ब आणि पाहुण्यांचे फोन त्यावर टाका. प्रिंटर आणि फोनवरून कास्ट करायचा टीव्ही मुख्य नेटवर्कवरच ठेवा. गेस्टवर गेले की ते तुमच्या फोनला सापडत नाहीत, आणि लोक समजतात यंत्र बिघडलं. कॅमेऱ्याचा स्वतःचा पासवर्डही बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले ते कंपनीने ठेवलेले पासवर्ड लावूनच.

ज्यावर भरवसा ठेवू नये

वाय-फायचं नाव लपवून काही साधत नाही. तुमचा फोन बाहेर गेल्यावर तेच नाव हाका मारल्यासारखं विचारत फिरतो, आणि ऐकणाऱ्याला ते दिसतं. मॅक फिल्टर, म्हणजे उपकरणाचा मॅक पत्ता (त्याचा ओळख क्रमांक) पाहून ठरावीक उपकरणांनाच आत घेणं, हेही तसंच: चालू उपकरणाचा मॅक पत्ता हवेत उघडाच असतो, तो कुणीही उचलून वापरू शकतो. उलट अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कसाठी बनावट मॅक पत्ता वापरतात, त्यामुळे फिल्टर लावला की आधी घरचीच माणसं बाहेर पडतात.

जोडलेल्या उपकरणांच्या यादीत अनोळखी नाव दिसलं तर त्याचंही कारण पुष्कळदा हेच असतं. यादीत काल येऊन गेलेली उपकरणंही राहतात. त्यामुळे नावं ओळखत बसू नका. पासवर्ड बदला आणि एकेक उपकरण स्वतः जोडा. मग प्रत्यक्ष जोडलेलं जे असेल ते तुमचंच. डब्यावरचा एलओएसचा लाल दिवा हॅकिंगचा नाही, फायबर तुटल्याचा आहे. संध्याकाळी नेट मंद होणं हेही बहुधा चोरीचं लक्षण नसतं: सोसायटीत सगळ्यांचं २.४ एकाच चॅनलवर असतं. १, ६, ११ पैकी मोकळा चॅनल निवडा, किंवा फोन ५ वर न्या.

पासवर्ड बाहेर जायची एक मोठी वाट क्यूआर कोड आहे. अँड्रॉइडवर 'शेअर' दाबलं की कोडखाली पासवर्ड बहुधा अक्षरांत दिसतो, आणि कोडमध्येही तो उघडाच लिहिलेला असतो. पाहुण्यांना गेस्टचाच कोड दाखवा आणि स्क्रीनशॉट पाठवू नका. आणखी एक वाट: फोन सारखा सारखा वाय-फायवरून तुटतो, तुमच्याच नावाचं कुलूप नसलेलं दुसरं नेटवर्क दिसतं, त्याला जोडलं की 'राउटर अपडेटसाठी वाय-फायचा पासवर्ड टाका' असं पान येतं. हे जाळं आहे. खरा राउटर असं पान कधी समोर आणत नाही.

वाय-फायवर शिरलेल्याला तुमचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज किंवा यूपीआयचा पिन वाचता येत नाही, ते फोनमधून निघतानाच बंदिस्त असतं. तुम्ही कोणत्या साइटवर जाता हे मात्र त्याला बरंचसं दिसतं, आणि तो जे काही करेल त्यावर शिक्का तुमच्या कनेक्शनच्या पत्त्याचा बसतो. २६ जुलै २००८ च्या अहमदाबाद स्फोटांच्या वेळचा दहशतवाद्यांचा ईमेल नवी मुंबईत सानपाड्यातल्या एका घरच्या उघड्या वाय-फायवरून गेला होता, आणि पोलीस आधी त्या घरीच पोहोचले.

जुना राउटर परत करताना किंवा भंगारात देताना रीसेटचं भोक दाबा, कारण वाय-फायचा आणि पीपीपीओईचा, दोन्ही पासवर्ड त्याच्या आत असतात. तोच पासवर्ड नव्या डब्यावर चालू ठेवणार असाल तर हे मुळीच विसरू नका.