परकी फौज नको म्हणायचंय, तर नागपुरात निदर्शन नीट कसं करायचं

पहिल्यांदा आम्ही व्हरायटी चौकात गांधीजींच्या पुतळ्याजवळ उभे राहिलो तेव्हा अकरा जण होतो अन् पोस्टरवर अख्खं जग होतं, ओकिनावा, नाटो, इराक, सगळं एकाच दिवशी. एक ऑटोवाले काका सिग्नलला थांबले अन् मनापासून विचारलं, "भाऊ, हे ओकिनावा कुठं येते, अन् आपल्या नागपूरले त्याचं काय?" आमच्यापैकी एकालाही एका वाक्यात उत्तर देता आलं नाही, तेवढ्यात सिग्नल सुटला अन् ते गेले. त्या दिवशी घरी येऊन मी ठरवलं की यापुढे त्या प्रश्नाचं उत्तर तयार असल्याशिवाय रस्त्यावर उतरायचं नाही. म्हणून ज्यांना असं काही करायचंय त्यांच्यासाठी हे लिहून राहिलो.

तर उत्तर आधी घ्या. नागपूरला परकी फौज काय असते ते चांगलं माहीत आहे, आपल्याकडे तिला तैनाती फौज म्हणायचे, शाळेत सगळे शिकलोय. नागपूरचे राजे रघूजी भोसले दुसरे हयात होते तोवर त्यांनी ती घेतली नाही. १८१६ च्या मार्चमध्ये ते गेले अन् मे महिन्यात त्यांचे पुतणे आप्पासाहेब यांनी ईस्ट इंडिया कंपनीशी करार केला, म्हणजे तुमच्या रक्षणासाठी म्हणून कंपनीची पलटण तुमच्या दारात, तिचा खर्च तुमच्या खजिन्यातून, अन् बाहेर कोणाशी बोलायचं तर कंपनीला विचारून. दीड वर्षात आप्पासाहेबांना ते जड झालं, २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली, आपण हरलो, १८२१ ला कामठीची छावणी वसली अन् १८५४ मध्ये अख्खं राज्यच खालसा. करारापासून राज्य जाईपर्यंत ३८ वर्षं. आजचे सगळे लष्करी तळ असेच आहेत असं मी म्हणत नाही, पण "तुमच्याच सुरक्षेसाठी आलोय" हे वाक्य ऐकलं की खर्च कोणाचा, जमीन कोणाची अन् जा म्हटल्यावर जाणार का, हे तीन प्रश्न नागपूरकराने विचारलेच पाहिजेत. पॅम्फ्लेटची सुरुवात इथूनच करा, माणूस थांबून वाचतो, हे मी स्वतः पाहिलंय.

मग एकच तळ निवडा अन् एकच मागणी. मी तर म्हणेन पहिल्यांदा दिएगो गार्सिया घ्या, चागोस बेटांमधलं एक बेट, जिथं अमेरिकेचा तळ आहे, कारण ते आपल्याच हिंदी महासागरात आहे, भारताच्या दक्षिण टोकापासून खाली. १९६६ मध्ये ब्रिटन अन् अमेरिकेने तळासाठी आपसात करार केला अन् १९६८ ते १९७३ च्या दरम्यान तिथल्या चागोस बेटांवरची सगळी माणसं, दीड ते दोन हजार लोक, मॉरिशस आणि सेशेल्सला नेऊन सोडली. जायच्या आधी त्यांची पाळलेली कुत्री धुराने, गॅसने मारली. ही गोष्ट मी एका बैठकीत सांगितली तेव्हा खोलीतल्या एक मावशी उठून बाहेर गेल्या, त्यांना ऐकवलं नाही. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की ब्रिटनने तिथला कारभार लवकरात लवकर संपवावा, मग संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ११६ विरुद्ध ६ असं मतदान झालं अन् भारत त्या ११६ मध्ये होता. मे २०२५ मध्ये ब्रिटन-मॉरिशसने करारावर सह्या केल्या, बेटं मॉरिशसची म्हणून मान्य, पण त्याच करारात असंही आहे की दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षं राहणार अन् मूळ लोकांना त्या बेटावर परत राहायला जाता येणार नाही. म्हणजे मागणी सरळ आहे: त्यांना त्यांच्या घरी जाऊ द्या.

ओकिनावा, म्हणजे जपानचा दक्षिणेकडचा बेटांचा प्रांत, घ्यायचं तर तेही चालेल, फक्त आकडे पाठ पाहिजेत. जपानच्या एकूण जमिनीच्या १ टक्क्याहूनही कमी जमीन, अन् देशातल्या अमेरिकी तळांची जवळपास ७० टक्के जमीन तिथं. फेब्रुवारी २०१९ च्या सार्वमतात मत देणाऱ्यांपैकी साधारण ७२ टक्के लोकांनी हेनोकोचा नवा तळ नको म्हटलं तरी काम चालूच राहिलं. तिथले म्हातारे लोक गेटसमोर बसतात, पोलीस उचलून बाजूला ठेवतात, ट्रक आत जातात, ते परत येऊन बसतात, वर्षानुवर्षं. अन् लोक म्हणाले की याने काय होते, तर फिलिपिन्स सांगा, १६ सप्टेंबर १९९१ ला तिथल्या सिनेटने १२ विरुद्ध ११ मतांनी तळाचा करार नाकारला अन् पुढच्या वर्षी अमेरिकी नौदल सुबिक बे सोडून गेलं.

नाटोचा, म्हणजे अमेरिका-युरोपातल्या देशांच्या लष्करी युतीचा, विषय काढणार असाल तर जपून. १९४९ ला १२ देश होते, फिनलंड ४ एप्रिल २०२३ ला ३१ वा झाला, स्वीडन ७ मार्च २०२४ ला ३२ वा. आता फिनलंडवर हे कोणी लादलं असं बोलू नका कारण ते खरं नाही, रशियाने २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला केल्यावर तिथल्या लोकांचंच मत फिरलं, रशियाशी हजार किलोमीटरहून लांब सीमा आहे त्यांची. रशियाची फौज युक्रेनमध्ये शिरली तीही परकीच, हे पोस्टरवर येऊ द्या, नाही तर तुमचं निदर्शन एका बाजूचं होते अन् लोकांना ते लगेच कळते. उलट मॉन्टेनेग्रोचं उदाहरण द्या, २०१७ ला नाटोत गेलेला छोटा देश, सिन्यायेविना नावाच्या डोंगराळ कुरणावर लष्करी सरावाचं मैदान करायचं ठरलं तर २०२० मध्ये तिथले मेंढपाळ थंडीत तंबू ठोकून बसले. आपल्या मराठी माणसाला जवळचं हवं असेल तर गोवा आहेच, पोर्तुगाल नाटोच्या पहिल्या १२ मधला देश होता अन् १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोव्याच्या सीमेवर त्याच पोर्तुगालने गोळ्या घातल्या, त्यात महाराष्ट्रातून गेलेले कितीतरी लोक होते.

"मग आपली फौज?" हा प्रश्न येणारच, चिडू नका. १९८७ ते १९९० आपली शांतिसेना श्रीलंकेत होती अन् तिथंही लोकांनी परत जा म्हटलं, मालदीवनेही सांगितल्यावर मे २०२४ पर्यंत आपले जवान परतले. नियम सगळ्यांना एकच, असं शांतपणे सांगायचं. अन् जवानांविरुद्ध एक शब्द नको. कामठीत, वायुसेनानगरात कितीतरी घरं फौजेची आहेत, तुमचं भांडण सरकारांच्या करारांशी आहे.

आता परवानगी. संविधानाच्या कलम १९ ने शांततेत, शस्त्राशिवाय जमायचा हक्क दिलाय, पण शहरात जमावबंदीचे आदेश निघत असतात, महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७ किंवा नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३, म्हणून आठ-दहा दिवस आधी अर्ज द्या. आधी विचारून घ्या की तो चौक कोणत्या ठाण्याच्या हद्दीत येते, चुकीच्या ठाण्यात अर्ज दिला की दोन दिवस गेलेच समजा, आमचे गेले. अर्जात तारीख, किती ते किती वाजेपर्यंत, अंदाजे किती लोक, दोन-तीन जबाबदार लोकांची नावं-नंबर, माईक आहे की नाही (असेल तर त्याची परवानगी वेगळी). दोन प्रती न्या अन् एका प्रतीवर पोचचा शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. नाही म्हणाले तर नम्रपणे "लेखी द्या साहेब" म्हणा. नंतर विशेष शाखेतून फोन येतो, कोण आहात, कुठल्या पक्षाचे, घाबरायचं काही नाही, जे अर्जात लिहिलं तेच सांगायचं.

जागा संविधान चौक चांगली, किंवा व्हरायटी चौक. तारीख मी २७ नोव्हेंबर सुचवेन, सीताबर्डीच्या लढाईचा दुसरा दिवस, २६ ला संविधान दिनामुळे चौकात आधीच कार्यक्रम असतात, तिथं गर्दी करू नये. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असताना तर नकोच, तेव्हा यशवंत स्टेडियमकडून निघणारे मोर्चे अंगणवाडी ताईंचे, कंत्राटी कामगारांचे असतात, वर्षातून एकदा सरकार त्यांच्या दारात येते, ती जागा अन् तो वेळ त्यांचाच. एप्रिल-मे मध्ये ठेवलंच तर संध्याकाळी साडेपाचनंतर, ४५ डिग्रीत म्हाताऱ्या माणसांना उभं करू नका, पाणी अन् ओआरएस सोबत ठेवा.

पोस्टर हाताने लिहा, फ्लेक्स नको. कार्डशीटवर जाड मार्करने एक ओळ, मराठीत अन् हिंदीतही, कारण आपल्या चौकात दोन्ही चालतात. सिग्नलला थांबलेल्या माणसाला दहा सेकंदात वाचता आलं पाहिजे. आमची चाललेली ओळ: "जमीन त्यांची, फौज कोणाची?" फुटपाथवरच उभे राहा, रस्ता अडवला की ॲम्ब्युलन्स अडकते. कोणत्याही देशाचा झेंडा जाळायचा नाही, पुतळा जाळायचा नाही. अन् छावणीच्या गेटवर, आयुध निर्माणीजवळ जाऊन फोटो-व्हिडिओ तर अजिबात नाही, तो सरळ गुन्हा होऊ शकते.

शिस्त कशी असते ते बघायचं तर १९२३ चा झेंडा सत्याग्रह आठवा, याच शहरात, सिव्हिल लाइन्सकडे झेंडा न्यायला बंदी होती तर छोट्या छोट्या तुकड्या रोज निघायच्या, अटक व्हायची, दुसऱ्या दिवशी पुढची तुकडी. आम्ही त्यावरूनच पाच-पाचच्या तुकड्या करतो, प्रत्येक तुकडीत एक जण फक्त बोलतो, एक पॅम्फ्लेट देतो, एक भांडण अंगावर घेऊ पाहणाऱ्याला बाजूला चहावर नेतो. हे तिसरं काम सगळ्यात अवघड, त्यावर शांत माणूसच ठेवा.

पैसे आपसात, माणशी ५० रुपये, हिशोब ग्रुपवर त्याच रात्री. परदेशातून कोणी कितीही प्रेमाने पाठवतो म्हटलं तरी एक रुपया घेऊ नका, विदेशी देणग्यांचा कायदा कडक आहे अन् परक्या फौजेविरुद्ध बोलताना परका पैसा शोभतही नाही. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो तारीख-ठिकाण तपासल्याशिवाय छापू नका. दुसऱ्या दिवशी चार जणांनी जाऊन जिल्हाधिकाऱ्यांमार्फत परराष्ट्र मंत्र्यांना निवेदन द्या, चागोसच्या लोकांसाठी भारताने २०१९ सारखं पुन्हा बोलावं एवढंच त्यात लिहा, एका पानात, अन् त्याचीही पोच घ्या. ज्यांनी चौकात थांबून नंबर दिला त्यांना आठवड्याच्या आत फोन करा, आमच्या अकराचे चाळीस असेच झाले. अन् कार्डशीट कोरड्या जागी ठेवा, पुढच्या नोव्हेंबरात लागतील.