ठाण्याच्या उकाड्यात टेरोल्देगो: एका द्राक्षाची दोन शेतं शेजारी शेजारी कशी चाखावीत

उत्तर इटलीच्या त्रेंतिनो भागात, मेद्झोलोम्बार्दो गावापाशी, डोंगरांच्या मधोमध काम्पो रोतालियानो नावाचं सपाट मैदान आहे. नोचे नदीने आणून टाकलेल्या वाळू-गोट्यांचं. टेरोल्देगो हे काळं द्राक्ष मुख्यतः इथलंच. एलिझाबेत्ता फोरादोरी यांनी १९८४ मध्ये घरची वाइनरी हाती घेतली, वेगवेगळे वेल निवडून त्यांची विविधता वाढवली आणि २००२ पासून बायोडायनॅमिक (रसायनांशिवाय, शेताला एकच सजीव मानून केलेल्या) शेतीची वाट धरली. त्यांच्या स्गार्झोन आणि मोरेई या दोन वाइन माती समजून घ्यायला फार सोयीच्या आहेत. दोन्हींत द्राक्ष टेरोल्देगोच, दोन्ही मातीच्या रांजणात सालींसकट सुमारे आठ महिने राहतात, आणि नव्या लाकडी पिंपाचा व्हॅनिलासारखा वास मध्ये येत नाही. बदलतं ते शेत: स्गार्झोनची जमीन जास्त वाळूची, मोरेईची जास्त गोट्यांची.

लेबलवर ‘टेरोल्देगो रोतालियानो डीओसी’ (ठरलेला भाग आणि कडक नियम पाळणाऱ्या इटालियन वाइनचा दर्जा) शोधत बसू नका. हा दर्जा १९७१ पासून आहे, पण फोरादोरींच्या बाटल्यांवर ‘विन्येती देल्ले दोलोमिती’ हा आयजीटी, म्हणजे मोठ्या प्रदेशाचा आणि सैल नियमांचा दर्जा दिसतो. कागदावर तो खालचा वाटतो, म्हणून वाइन हलकी समजू नका. दोन्ही बाटल्यांवरचं साल मात्र एकच हवं. साल वेगळं असेल तर तुम्ही पाऊस आणि ऊन चाखाल, जमीन नाही.

बाटली इटलीहून येणाऱ्या नातेवाइकांकडून मागवणार असाल तर हिशेब पक्का ठेवा. भारतात येताना एका प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं. ७५० मिलीच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर, तिसरी घेतली की मर्यादा ओलांडली. वाटेत ड्यूटी फ्रीमधून घेतलेली व्हिस्कीही याच २ लिटरांत धरली जाते. बाटल्या चेक-इन बॅगेत, कपड्यांच्या मध्ये, एकमेकींना न टेकता. विमानतळावरून घरी येताना गाडीच्या डिकीत ठेवू नका. ऐरोली पुलावर किंवा घोडबंदरच्या कोंडीत तासभर अडकलात की उन्हात डिकीची भट्टी होते. बाटल्या पायाशी, एसीच्या हवेत ठेवा.

घरात सगळ्यांत वाईट जागा दोन: स्लॅबखालचा माळा आणि फ्रिजचं डोकं. एक तापतो, दुसरं तापतंही आणि थरथरतंही. अशा वाइनमध्ये सल्फर (वाइन टिकवणारा घटक) सहसा कमी घातलेलं असतं, त्यामुळे उष्णता तिला लवकर बाधते. चार-सहा महिन्यांत उघडणार असाल तर फ्रिजचा भाजीचा कप्पा पुरेसा आहे: ७-८ अंश, अंधार, बाटली आडवी. पावसाळ्यात लेबलला बुरशी धरू नये म्हणून बाटली वर्तमानपत्रात गुंडाळा. वर्षानुवर्षं ठेवायची असेल तर वाइन फ्रिज १३ अंशांवर लावा. ठाण्यात त्याला पर्याय नाही. प्रवासानंतर आठ-दहा दिवस बाटलीला हात लावू नका, आणि उघडण्याच्या आदल्या दिवशी ती उभी करा म्हणजे गाळ तळाशी बसेल.

आता तापमान, कारण खरी गडबड इथेच होते. ‘रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यावी’ हे थंड देशांतल्या खोल्यांपुरतं ठीक आहे. ३२ अंशांच्या खोलीत अल्कोहोल आधी नाकात शिरतं, आंबटपणा सैल वाटतो आणि दोन्ही शेतं एकसारखी लागतात. ग्लासात वाइन १४ अंशांना ओता. गप्पा सुरू होईपर्यंत ती १६-१७ वर येतेच. भाजीच्या कप्प्यातली बाटली साधारण ४० मिनिटं आधी बाहेर काढा. बाहेरच्या गरम बाटलीला फ्रिजमध्ये अडीच तास लागतात. घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ घालून १५-२० मिनिटं ठेवा. नुसत्या बर्फात बाटलीभोवती हवा राहते, म्हणून पाणी हवंच. अंदाजावर विसंबू नका, स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर थेट ग्लासात बुडवा.

ग्लास तोंडाशी निमुळते घ्या, सगळे एकाच आकाराचे. कपाटात डांबरगोळ्या असतील तर ग्लास आधी गरम पाण्याने विसळून वाळवा. तो वास काचेला चिकटतो आणि दोष वाइनवर येतो. उदबत्ती नको, आणि चाखणं संपेपर्यंत स्वयंपाकघरात फोडणीही नको.

बाटल्यांना कागद गुंडाळून क्रमांक द्या, म्हणजे नाव बघून मत बनणार नाही. आधी स्गार्झोन, मग मोरेई, कारण दुसरी सहसा जास्त भरीव असते. प्रत्येकाला ७५ मिली पुरे. सहा जणांत ४५० मिली जातात, बाकीची जेवणासाठी उरते. मध्ये पाणी आणि ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा. फरसाण अजिबात नको.

दगडाची चव शोधू नका. खडकातली खनिजं चवीला कळतील एवढी वाइनमध्ये उतरत नाहीत. वाळू आणि गोटे वेलीला पाणी किती आणि केव्हा मिळेल, मुळं किती तापतील हे ठरवतात, आणि फळ त्यानुसार पिकतं. म्हणून तीन गोष्टी टिपा: गिळल्यावर तोंडाला किती वेळ पाणी सुटतं, हिरड्यांवर जांभळासारखा तुरटपणा किती चढतो आणि शेवटी कडू बदामाची छटा येते का. करवंद-जांभळाचा वास दोन्हींत सापडेल. फरक बहुधा पोतात कळतो.

बिघाड ओळखता यायलाच हवेत. काडेपेटी किंवा उकडलेल्या अंड्यासारखा वास आला तर घाबरू नका. हवा न मिळाल्याने तो येतो, या द्राक्षाला ती सवय आहे. वाइन जगमध्ये ओतून ४५ मिनिटं ठेवा, बहुतेक वेळा वास जातो. जिभेला किंचित चुरचुरलं तर तो उरलेला कार्बन डायऑक्साइड, जग फिरवून हलवला की सुटतो. ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट गोणपाटाचा वास मात्र बुचाचा दोष आहे. तो हवेने जात नाही, उलट वाढतो. बूच वर सरकलेलं, मानेवर चिकट ओघळ आणि चवीला शिजवलेला जॅम म्हणजे वाइन वाटेत तापली. सर्वांत फसवा दोष उंदराच्या पिंजऱ्यासारखा: नाकाला काही कळत नाही, गिळल्यावर काही सेकंदांनी मागून येतो. त्यावर उपाय नाही, बाटली बाजूला ठेवा.

दुसरी फोरादोरी मिळाली नाही तर टेरोल्देगोशेजारी नाशिकची शिराज ठेवा. डीएनए अभ्यासानुसार टेरोल्देगो शिराजचा काका लागतो. इथे द्राक्षही वेगळं असतं, त्यामुळे मातीचा धडा मिळत नाही, पण घराण्याची ओळख पटते.

जेवणात खिमा, गोड्या मसाल्यातली भरली वांगी किंवा वालाचं बिरडं छान जमतं. तिखट बेताचं ठेवा, मिरचीने अल्कोहोल आणि तुरटपणा दोन्ही भडकतात. सुरमईबरोबर ही वाइन नको. रेडमधल्या लोहामुळे माशाचा वास तोंडात उग्र होतो. त्यासाठी फोरादोरींचीच पांढरी नोझिओला बरी. सोलकढी वाइन संपल्यावर.

उरलेली वाइन मोठ्या बाटलीत ठेवू नका. ३३० मिलीची काचेची बाटली गरम पाण्याने धुऊन, निथळून, काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा आणि फ्रिजमध्ये उभी ठेवा. दोन-तीन दिवस टिकते. दुसऱ्या दिवशी कधी कधी मोरेई जास्त मोकळी लागते, म्हणून दोन्हींची थोडी थोडी राखा.