आधी लेथ मग ग्राइंडर, जॉब कुठल्या क्रमाने लावायचे?

वर्कशॉपमध्ये जो जॉब आधी आला तो आधी लावतात आणि मग ग्राइंडरवाला तासन्‌तास चहा पीत बसतो, हे टाळायला जॉन्सन या गणितज्ञाचा 1954 चा नियम बघा, कॉम्प्युटर वगैरे काही लागत नाही.

समजा लेथ आणि ग्राइंडरचे तास असे आहेत: बुश 5 आणि 2, पिन 1 आणि 6, शाफ्ट 9 आणि 7, रोलर 3 आणि 8. सेटिंगचा वेळ यातच धरा, तो लोक हमखास विसरतात.

आता सगळ्यात छोटा आकडा शोधा, तो लेथचा निघाला तर जॉब पुढे टाका, ग्राइंडरचा निघाला तर मागे, मग तो जॉब खोडा आणि उरलेल्यात परत तेच. 1 लेथचा म्हणून पिन पहिली, 2 ग्राइंडरचा म्हणून बुश शेवटी, मग 3 म्हणजे रोलर दुसरा, राहिला शाफ्ट तो तिसरा.

आलेल्या क्रमाने लावलं असतं तर सगळे जॉब संपायला 30 तास, असं लावलं की 24. खरं वाटत नसेल तर फळ्यावर मांडून बघा.

फक्त मशीन दोनच हवीत आणि सगळ्या जॉबचा रस्ता सारखा. आणि हो, अर्जंट डिलिव्हरी या नियमाला कळत नाही, ती तुम्हीच बघायची.