घरी बांधलेल्या विमानाचं इंजिन थरथरायलंय? आधी पंखा बघा

इंजिन थरथरायलं की लोक डायरेक्ट कार्बोरेटर खोलायला बसतात, तसं नका करू, आधी पंखा, म्हणजे प्रोपेलर. इग्निशन बंद, चाकांना दगड, प्लग काढून ठेवा, अन् तरीबी पंखा कधीही फिरू शकतो असंच धरून हात लावायचा.

पात्याच्या टोकापाशी स्टूल ठेवून खूण करा, मग हातानं सावकाश फिरवून दुसरं टोक तिथंच येतंय का बघा, 3 मिमीपेक्षा जास्त फरक आला की हब (पंखा जिथं बसतो तो मधला भाग) अन् बोल्ट तपासा. लाकडी पंखा असंल तर आपल्याकडं जास्त भानगड, मराठवाड्याच्या उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसतं, बोल्ट ढिले पडतात, अन् पावसाळ्यात तेच फुगतं, म्हणून ऋतू बदलला की टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोरानंच आवळायचा पाना) लावायचाच, आकडा पंखा बनवणाऱ्याच्या मॅन्युअलमधला, अंदाजपंचे नाही.

पंखा ठीक, मग इग्निशन, म्हणजे प्लगला ठिणगी देणारी यंत्रणा. रोटॅक्स 912 इंजिन असंल तर 4000 आरपीएमवर (मिनिटाला फेरे) दोन इग्निशनचा एकेक स्विच बंद करायचा, आरपीएम 300 पेक्षा जास्त पडले किंवा दोन्ही बाजूंत 115 पेक्षा जास्त फरक आला तर प्लग, कॅप, वायरिंग बघा.

सकाळी मस्त चालतंय अन् दुपारी धापा टाकतंय? बहुतेक पेट्रोल लाईनमध्ये वाफ होतेय, लाईन एक्झॉस्टपासून लांब घ्या, फायर स्लीव्ह (उष्णता अडवणारं वेष्टण) चढवा. पंपावरच्या पेट्रोलात इथेनॉल असतंय, ते पाणी ओढतं, टाकीच्या तळातलं थोडं काचेच्या बाटलीत काढून पाणी दिसतंय का बघत जा. एअर फिल्टर तर धुळीनं भरलेलाच असणार. बाकी 42 डिग्रीत हवाच विरळ, थोडी ताकद कमी मिळणारच, तो फॉल्ट नाही.